बारावा खिळा

नरसय्या पेंटर गेल्यावर आमच्या वाचनालयात शोकसभा झाली. सात-आठ माणसं होती. त्यातली तीन वर्तमानपत्र वाचायला आलेली आणि मध्येच उठणं बरं दिसेना म्हणून बसून राहिलेली. चिटणीस वकीलसाहेब चार शब्द बोलले. मग कुणीतरी सुचवलं, की ज्यानं आपल्या दालनातली बाराही तैलचित्रं काढली, त्याचंही एखादं चित्र कुठेतरी असावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वकीलसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "फोटो आहे का त्यांचा?"

फोटो नव्हता. दुसऱ्यांचे फोटो बघण्यात ज्याचा जन्म गेला, तो स्वतः एकदाही कॅमेऱ्यापुढे बसला नव्हता. मी नाही म्हणालो आणि हसलो. शोकसभेत हसणारा माणूस लोकांच्या कायम लक्षात राहतो, तसा मीही राहिलो असेन. पण मला आवरलंच नाही. फोटो नसेल तर चित्र नाही, हा आमच्या दालनाचा नियम होता, आणि तो खुद्द नरसय्यानं घालून दिलेला होता. सभा तिथेच संपली.

तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करत असे, मनात मात्र तो नेहमी अरेतुरेच राहिला, आणि इथेही तसाच लिहिणार आहे. बुटका, काळा, खांदे पुढे झुकलेले. डोक्यावर काळी टोपी, अंगात कोपरापाशी फाटलेला कोट, आणि धोतराचा एक सोगा कायम रंगानं माखलेला, कारण ब्रश तो त्यालाच पुसायचा. अंगाला जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. घराणं विणकरांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दखनी. लहानपणी मागावर बसवला तर लुगड्याच्या किनारीत स्वतःच्या मनाची नक्षी घालायचा आणि बापाचा मार खायचा. मग दुकानाच्या पाट्या, मग नाटक कंपन्यांचे पडदे, आणि शेवटी थोर पुरुष.

आमच्या वाचनालयाची नवी इमारत झाली तेव्हा वरच्या मजल्यावरचा मोठा दिवाणखाना 'थोर पुरुषांचं दालन' म्हणून राखून ठेवला होता. गावासाठी झटलेल्या दिवंगतांची चित्रं तिथे लावायची, येणाऱ्या पिढीनं ती बघायची आणि तसं व्हायचं, अशी कल्पना. गवंड्यानं भिंतीत मोजून बारा खिळे ठोकले. बाराच का, हे कुणी विचारलं नाही. पुढे मात्र त्या बारा खिळ्यांवरून लोकांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. गावात कुणी मोठा माणूस आजारी पडला की आमच्या कमिटीत कुजबुज सुरू होई. ग्रंथपाल म्हणून सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे असे, त्यामुळे जिवंतपणी स्वतःच्या चित्राची चौकशी करून ठेवलेले दोन गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यातला एक आज भिंतीवर आहे.

नरसय्याला मात्र त्या भिंतीवर फार विश्वास होता. इतका भाबडा विश्वास मी कुठल्या भक्तातही पाहिला नाही. तो म्हणायचा, "माणसं इसरत्यात की हो. भिंत इसरत न्हाय."

काम करण्याची त्याची एक रीत होती. त्या काळी पुष्कळांचा फोटो निघे तो मेल्यावर. मयताला आंघोळ घालून, पगडी चढवून खुर्चीत बसवत, मागून कुणीतरी मान धरी आणि फोटोग्राफर फोटो घेई. तो फोटो नरसय्याकडे येई. तो त्यावर शिसपेन्सिलीनं बारीक चौकटी आखायचा, कॅनव्हासवर तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि एकेका चौकटीतला चेहरा उचलून इकडे ठेवायचा. नाक, कान, मिशा, अंगरख्याची गाठ, सगळं फोटोत असे. डोळे नसत. डोळे मिटलेले असत. ते उघडायचं काम नरसय्याचं.

त्यासाठी तो त्या माणसाच्या घरी जाई, पण घरच्या माणसांना काही विचारत नसे. पडवीतून थेट मागच्या अंगाला जाई आणि मोलकरीण, गडी, टांगेवाला, न्हावी यांच्याजवळ उकिडवा बसून पान खात विचारी: मालक रागावल्यावर कुठं बघायचे? हसताना डोळे बारीक व्हायचे का? बोलताना तुमच्याकडे बघायचे का भलतीकडे? घरच्यांना हे कळतं तर त्यांनी त्याला तोडलं असतं. पण त्याचं म्हणणं साधं होतं. घरचे लोक सांगतात ते त्यांना हवं असलेलं तोंड असतं. चाकराला तोंड बघूनच दिवस काढायचा असतो, त्यामुळे तो चुकत नाही.

एका डॉक्टरांचं चित्र त्यानं असंच काढलं. त्यांच्या टांगेवाल्यानं सांगितलं, की गेली कित्येक वर्षं डॉक्टरांची डावी पापणी झोपेअभावी उतरलेली असायची, टांग्यात बसल्या बसल्या ती आधी मिटे, मग उजवी. नरसय्यानं ती उतरलेली पापणी चित्रात घेतली. डॉक्टरांचे जावई भडकले. डॉक्टर काय दारू प्यायचे, असं लोकांनी म्हणायचं का? नरसय्या एवढंच म्हणाला, की पापणी सरळ हवी असेल तर दुसरा पेंटर बघा. चित्र तसंच लागलं. पुढे महिनाभर डॉक्टरांचे गरीब रोगी जिना चढून येत, त्या पापणीकडे बघत आणि डोळे पुसत खाली उतरत. त्या दालनाचा काही उपयोग झालेला मी पाहिला असेल तर तो तेवढाच.

नियमाची गोष्ट त्यानंतरची. एका इनामदार घराण्याला आपल्या पणजोबांचं चित्र दालनात हवं होतं. फोटो नव्हता, असण्याचा संभवच नव्हता. पण घरात सांगत आले होते, की पणजोबा गोरेपान, घारे, सहा फुटी, वाघाशी झुंजलेले. तसं चित्र काढून द्यावं. कमिटी तयार होती. नरसय्या उभा राहिला आणि कधी नव्हे तो कमिटीपुढे बोलला. "ज्याला कुनी बघितलं न्हाय त्याला मी डोळं देनार न्हाय. आज ह्यो वाघमाऱ्या, उद्या कुनी देव आनून बसवंल. फोटू न्हाय तर मानूस न्हाय, असं लिवून ठेवा."

वकीलसाहेबांना ते पटलं. इनामदारांना परस्पर वाटेला लावायला त्यांनाही काहीतरी हवंच होतं. ठराव झाला: 'ज्या व्यक्तीचे छायाचित्र उपलब्ध नसेल तिचे तैलचित्र दालनात लावण्यात येऊ नये.' माझ्याच अक्षरात तो इतिवृत्तात आहे. नरसय्यानं मला तो दोनदा वाचायला लावला आणि खूश होऊन घरी गेला.

इथे मला त्याच्या थोरल्या बहिणीविषयी सांगितलं पाहिजे. तिचं नाव राजव्वा, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणे. मोठ्या लढाईच्या शेवटी मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, ताप आला तेव्हा मी माढ्याहून नुकताच सोलापुरात आलो होतो आणि त्यांच्या गल्लीत, त्यांच्या घराला लागूनच एका खोलीत एकटाच राहत होतो. विणकरांच्या त्या वस्तीत बारा महिने मागांचा खडखडाट असायचा. चार दिवसांत सगळे माग बंद पडले. ती शांतता मला अजून आठवते आणि अजून नकोशी वाटते. प्रत्येक घरात माणसं आडवी. अक्का विधवा, चाळिशीची, मागासाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरणारी. ती दारोदार पेज आणि पाणी घेऊन फिरू लागली. गल्लीतली विहीर आटली होती, तेव्हा ती घागरी घेऊन पार तळ्यावर जाई.

माझ्याही खोलीत ती आली. तीन दिवस मी शुद्धीवर होतो-नव्हतो. मला तिचं बाकी काही आठवत नाही, पण एक आठवतं. ती वाटी तोंडाला लावायची आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता गळ्याकडे बघायची. घोट खाली उतरला की नाही, एवढंच तिला बघायचं असायचं. उतरला की पुढचा घोट. ती नजर गळ्यावर आहे म्हणून मी गिळत गेलो, असं मला आजही वाटतं. नवव्या की दहाव्या दिवशी ती स्वतः पडली. तिला पाणी पाजायला उठून बसता येईल असं गल्लीत तेव्हा कुणी नव्हतं. मी तर भिंतीपलीकडेच होतो.

नरसय्या त्या वेळी एका नाटक कंपनीबरोबर हुबळीकडे पडदे रंगवत होता. परत आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आई लहानपणीच गेल्यामुळे अक्कानंच त्याला वाढवलेलं. तो घरोघर हिंडला आणि प्रत्येकाला त्याची ती नेहमीची चौकशी केली: कशी दिसत होती, कशी बघायची. मी गळ्याचं सांगितलं तेव्हा त्यानं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मला बी तसंच भरवायची. म्या ते इसरलो व्हतो."

दालनात अकरा चित्रं झाली आणि बारावा खिळा रिकामा राहिला, तेव्हा तो कमिटीपुढे आला. टोपी काढून हातात धरली होती. गावासाठी झटलेल्या दिवंगतांत अक्का बसते का, एवढंच त्यानं विचारलं. तिनं जगवलेली माणसं गल्लीत होती, एक तर कमिटीचं इतिवृत्त लिहीत समोरच बसलं होतं. सभासदांपैकी एकानं म्हटलं, की ते गल्लीपुरतं झालं, गावाचं म्हणता येईल का? दुसऱ्यानं बाईच्या चित्राबद्दल शंका काढली. वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोघांनाही गप्प केलं आणि मऊ आवाजात विचारलं, "नरसय्या, फोटो आहे का?"

मी मान वर केली नाही. मला वाटलं होतं तो भांडेल. मी स्वतः पाहिलंय, सगळ्या गल्लीनं पाहिलंय, असं काहीतरी म्हणेल. मीही उठून तसं म्हणायला हवं होतं, पण कमिटीपुढे ग्रंथपालानं बोलायची पद्धत नव्हती आणि मी पद्धत पाळणारा माणूस. नरसय्यानं टोपी डोक्यावर घातली. "नियम बराबर हाय," तो म्हणाला. "म्याच चुकलो." आणि तो खाली उतरून गेला.

दोन वर्षांनी सुताचे एक मोठे व्यापारी वारले. त्यांना सगळे शेठजी म्हणत. दालनाची फरशी त्यांनी घालून दिली होती, त्यामुळे बारावा खिळा कुणाचा याबद्दल कमिटीत कुणाच्या मनात शंका नव्हती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी शेठजींची पक्की समजूत, म्हणून जिवंतपणी त्यांनी तो कधी काढू दिला नव्हता. मेल्यावर मुलांनी खुर्चीत बसवून काढला. फोटो म्हणजे फोटो. नियमात बसत होता.

नरसय्यानं चौकटी आखल्या आणि नेहमीप्रमाणे बंगल्याच्या मागच्या अंगाला जाऊन बसला. या वेळी त्याला काही मिळेना. स्वयंपाकीणबाई म्हणाली, ते ताटाकडे बघायचे. गडी म्हणाला, ते बोलायचे तेव्हा मी जमिनीकडे बघायचो. न्हाव्यानं सांगितलं, दाढी करताना डोळे मिटून घेत. घरात वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या माणसांपैकी एकालाही त्यांचे डोळे ठाऊक नव्हते. शेवटी तो माळ्याकडे गेला. माळी म्हातारा होता. तो म्हणाला, की शेठजींनी एकदाच मान वर करून बाहेर बघितलेलं मला आठवतं. मानमोडीच्या दिवसांत आवारातल्या विहिरीला त्यांनी कुलूप घातलं होतं, बाहेरची माणसं आली तर रोग आत येईल म्हणून. तेव्हा एक बाई दोन घागरी घेऊन फाटकाशी आली होती. विहिरीला भरपूर पाणी होतं. शेठजींनी वरच्या सज्ज्यातून तिला बोटानं ते कुलूप दाखवलं आणि आत गेले. मग माळी नरसय्याकडे बघून म्हणाला, "तुमची अक्काच व्हती की ती. तुमाला ठाव न्हाय व्हय?"

हे सगळं मला त्यानं वाचनालयाच्या मागच्या खोलीत सांगितलं. तिथेच तो चित्र काढत होता. सांगताना चिडला नाही, रडला नाही. नुसता ब्रश धोतराला पुसत होता. मी म्हटलं, सोडून द्या हे काम, तुमचाच नियम आहे की ज्याला कुणी बघितलं नाही त्याला डोळे द्यायचे नाहीत. तो म्हणाला, तसं लिहिलेलं नाही, लिहिलंय ते फोटोचं. आणि ते खरंच होतं. ठराव लिहिताना त्याच्या बोलण्यातला अर्धाच भाग मी उतरवला होता.

आठ दिवस ते चित्र तसंच होतं. पगडी, मिशा, गळ्यातली सोन्याची साखळी, सगळं पूर्ण, आणि डोळ्यांच्या जागी दोन कोरे डाग. मला त्या खोलीत जायची भीती वाटू लागली होती. समारंभाची पत्रकं छापून वाटली गेली, कलेक्टरसाहेबांचा होकार आला. नवव्या दिवशी सकाळी मी कपाट उघडायला आत गेलो तर डोळे झालेले होते. नरसय्या भिंतीला टेकून खाली बसला होता. तेवढ्यात वकीलसाहेब आले, चित्र बघून प्रसन्न झाले, आणि दोन हमाल बोलावून लगेच ते लाकडी चौकट बसवायला पाठवून दिलं. नरसय्या उठला, रंग खरवडायची सुरी हातात घेऊन जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. तेव्हा मला त्याचा काही अर्थ लागला नाही.

अर्थ समारंभाच्या दिवशी लागला. कलेक्टरसाहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. शेठजींचे थोरले चिरंजीव रुमालानं डोळे टिपत म्हणाले, अगदी अस्सेच बघायचे, किती नम्र नजर आहे. नजर खालीच होती. समोर उभ्या राहणाऱ्याच्या डोळ्यांकडे ती बघतच नव्हती. मी चित्रासमोर गेलो आणि मला काही कळायच्या आत माझ्या गळ्यात घोट खाली उतरला. तोंडात काही नसताना मी गिळलं. मग मला कळलं.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. गाव खूश होतं, कमिटी खूश होती. शेठजींच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयाच्या दाराशी पाणपोई बांधून दिली, तिच्यावर संगमरवरात त्यांचं नाव कोरलं. आणि मीसुद्धा, खरं सांगायचं तर, रोज दालन उघडल्यावर आधी त्या चित्रासमोर जाऊन उभा राही. तिला मी एक घोट पाणी देऊ शकलो नव्हतो, पण ती भिंतीवर आली, असं म्हणून मनाचं समाधान करून घेत असे.

नरसय्यानं त्या दिवसापासून दालनात पाय ठेवला नव्हता. नवं काम घेणंही त्यानं बंद केलं होतं. मग चैत्रात एका दुपारी तो आला. ऊन एवढं होतं की वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. तो खूप वाळला होता, धापत होता. कोटाच्या खिशातून टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी डोकावत होती. जिना चढून तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "किल्ली द्या."

मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, मग मी जातो.

"अहो, राहू द्या की पेंटर," मी म्हटलं. "काही झालं तरी अक्का भिंतीवर आहेत. तुम्हाला तेच हवं होतं."

त्याचा आवाज चढला नाही. "त्यानं तिला कुलूप दावलं. आन म्या तिला त्याच्याच तोंडात कोंडली. त्याला डोळं न्हवतंच. माज्याजवळ दुसरं कुठलं व्हतं, सांगा? पर आता लोक त्यालाच चांगला म्हनत्यात. तिच्या डोळ्यानं त्यो चांगला झाला. किल्ली द्या मला."

किल्ली टेबलाच्या खणात होती, माझ्या गुडघ्याला लागेल एवढ्या अंतरावर. माझ्या मनात नोकरी आली, वकीलसाहेब आले, शेठजींची मुलं आली. आणि त्या सगळ्यांच्या आड, हे मी आज लिहितो आहे, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, मला ते डोळे माझ्यासाठी हवे होते. मी म्हणालो, किल्ली वकीलसाहेबांकडे असते.

खोटं होतं आणि ते त्याला कळलं. उभा जन्म लोकांची तोंडं बघण्यात गेलेला माणूस तो. त्यानं खणाकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि कठड्याला धरत धरत एकेक पायरी खाली उतरला.

मी खिडकीशी गेलो. तो दारातून बाहेर पडला. सावलीतच पाणपोई होती, माठ भरलेले होते, पाणी वाढणारी म्हातारी फुलपात्र पुढे करून काहीतरी म्हणाली. तो थांबला. वरचं संगमरवरातलं नाव वाचलं, म्हातारीला हात जोडले आणि उन्हात उतरला. रस्त्यापलीकडे म्युनिसिपालिटीचा नळ होता, उन्हानं तापलेला. तिथे तो वाकला आणि ओंजळ तोंडाला लावली. एवढ्या लांबून घोट उतरताना दिसत नाही, तरी मी बघत उभा होतो.